पाचशे मीटर, पण कोणत्या वाटेने?

बसथांबा घरापासून पाचशे मीटरच्या आत असला तर माणूस चालत जातो, असा शहर वाहतुकीतला एक ठोकताळा आहे. सांगलीच्या नकाशावर मी तो पहिल्यांदा लावला आणि फसलो.

मी वाणिज्य शाखेचा. क्यूजीआयएस शिकलो ते पन्नाशीनंतर, चुकतमाकत. गॅरी शेरमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेले हे नकाशाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि घरच्या संगणकावर चालते. रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून उतरवले. पहिली ठेच मापाची. उतरवलेला नकाशा अंशांत असतो आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर! मीटरमध्ये मोजायचे तर तो आधी यूटीएमच्या ४३ उत्तर पट्ट्यात (संकेतांक ३२६४३) आणावा लागतो.

मग प्रत्येक थांब्याभोवती पाचशे मीटरचे वर्तुळ, म्हणजे ‘बफर’, काढले. नकाशा देखणा झाला. शेजारच्या निवृत्त एसटी कंडक्टरांना कौतुकाने दाखवला. नदीकाठच्या वर्तुळावर बोट ठेवून ते म्हणाले, “ही सांगलीवाडीची माणसं कृष्णा पोहून येणार काय हो?”

महापालिकेला द्यायच्या टिपणात ती घरे मी ‘थांबा जवळ आहे’ या रकान्यात टाकली होती. ते टिपण तसेच गेले असते, तर तिथे नवा थांबा कुणी कशाला मागितला असता?

वर्तुळाला नदी दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे ‘सर्व्हिस एरिया’. थांब्यापासून रस्त्यारस्त्याने पाचशे मीटर कुठवर पोहोचता येते, ते यात निघते. वर्तुळाच्या जागी वेडेवाकडे झाड उगवते. नदीपाशी त्याची फांदी तुटते, पुलावरूनच पुढे सरकते. मात्र रस्त्यांच्या रेघा खरोखर जुळलेल्या हव्यात. डोळ्यांना जुळलेल्या दिसणाऱ्या दोन रेघांत हातभर फट राहिली, तरी संगणक तिथे रस्ता संपला असे धरतो. माझे निम्मे काम या फटी बुजवण्यातच गेले. बोळ मात्र पायीच तपासावे लागले.

टिपण दुरुस्त करून दिले. आता सांगलीचा नकाशा मी दोनदा काढतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी तिथवर चढले की जोडरस्त्यांचा भरवसा उरत नाही. म्हणून दुसऱ्या नकाशात १९२९ चा तो पूल मी पुसून टाकतो आणि सांगलीवाडीतून बाहेर पडायला कोणती वाट उरते, ते पाहतो.