सीईटी आली, मराठी शाळा बाहेरच राहिली

राणी चन्नम्मांचं जन्मगाव काकती. त्यांच्या नावाचं विद्यापीठ 2010 साली जवळच भुतरामहट्टीत सुरू झालं, तोवर बेळगावची महाविद्यालयं धारवाडला जोडलेली होती. अंतर कमी झालं. व्यावसायिक अभ्यासक्रमांचं दार मात्र वेगळ्याच वाटेने उघडत गेलं. 1984 चा कॅपिटेशन फी बंदी कायदा, त्याच फीविरुद्धचा 1992 चा मोहिनी जैन खटला आणि 1994 पासूनची सीईटी यांनी खिशाऐवजी गुणांना मान दिला. कर्नाटकाचं हे काम मोठंच आहे. पुढे सरकारने आणखी एक गोष्ट मान्य केली: परीक्षा एकच असली तरी तिथवरची वाट सगळ्यांना सारखी नसते. म्हणून सरकारी कोट्यात ग्रामीण विद्यार्थ्यांना 15 टक्के आणि पहिली ते दहावी कन्नड माध्यमात शिकलेल्यांना 5 टक्के जागा राखल्या गेल्या. काकतीसारख्या गावातल्या मराठी शाळेतली मुलगी पहिल्या सवलतीत बसते, दुसरीत नाही. दहावीनंतर अचानक इंग्रजीतून भौतिकशास्त्र समजून घेण्याचे कष्ट तिला कन्नड शाळेतल्या मैत्रिणीइतकेच पडतात.

राज्यभाषेला उत्तेजन देणं हा सरकारचा हक्कच आहे, असं यावर म्हटलं जातं. तो हक्क मान्य. पण अभ्यासाची अडचण भरून काढण्यासाठी सवलत असेल, तर अडचण कोणाची हेच पाहायला हवं. महाराष्ट्राने सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी अभियांत्रिकी प्रवेशात वेगळा 'ई' प्रकार ठेवला आहे, हा दुसरा आक्षेप. कर्नाटकही जत, अक्कलकोटच्या कन्नड मुलांना असाच हात देतं. दोन्ही सरकारांना सीमेपलीकडची आपली माणसं दिसतात, हे चांगलंच. पण शेतमजुराच्या घराला कोल्हापूर-पुण्याचा वसतिगृहाचा खर्च झेपत नाही, आणि ज्या राज्यात मूल शिकलं त्याची जबाबदारी शेजाऱ्यावर ढकलता येत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचंही तसंच: 2017 पासून ती मराठीतून देता येते, पण मराठी प्रश्नपत्रिकेसाठी महाराष्ट्रातलंच केंद्र घ्यावं लागतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. याच 5 टक्क्यांत मराठी, उर्दू शाळांची मुलं आली, तर कन्नड शाळेतल्या गरीब मुलांच्या जागा घटतील. घटतील, आणि त्यांच्यावर तो अन्याय होईल. म्हणून वाटा तोच ठेवून वाटेकरी वाढवू नयेत. सरकारी शाळांतल्या इतर माध्यमांसाठी वेगळा, लहान हिस्सा जोडावा. गुणवत्तेला त्याने धक्का लागत नाही, कारण त्या हिश्श्यातही प्रवेश सीईटीच्या क्रमानेच होईल. यंत्रणाही नवी उभारायला नको. ग्रामीण शिक्षणाच्या दाखल्यावर आज ज्या गटशिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागते, त्याच्याच कार्यालयात प्रत्येक मराठी शाळेची नोंद आहे.