ओरखड्याच्या तळापर्यंत

खिशातल्या चाकूच्या धातूच्या मुठीवर ओरखडा पडतो तेव्हा तिथला धातू थोडा निघून गेलेला असतो आणि थोडा दोन्ही कडांना ढकलला गेलेला असतो. गेलेला धातू परत आणायची सोय नाही. शेतातला खड्डा बांधावरची माती ओढून बुजवता येतो, मुठीवरचा बुजत नाही. ओरखडा घालवायचा म्हणजे बाकीची सगळी मूठ त्याच्या तळाइतकी खाली उतरवायची, एवढाच मार्ग उरतो. हे एकदा लक्षात आलं की टूथपेस्ट, राख, चकाकीची ट्यूब हे घरगुती उपाय आपोआप बाद होतात. त्यांनी मूठ चमकते, पण ओरखडाही तिच्याबरोबर चमकतो.

माझा चाकू साधा आहे. एक पातं, पाठीला स्प्रिंग, दोन बाजूंना स्टेनलेस स्टीलचे पत्रे आणि ते धरून ठेवणारी तीन रिव्हेट. तो वडिलांकडून आला. प्रवासात पेरू कापायला, सुतळी तोडायला, पार्सल फोडायला त्यांनी वापरला आणि मीही तेच केलं. त्याच्या अंगावरच्या जाळीचा दोष आम्ही दोघंही किल्ल्यांना देत आलो. पण बऱ्याच किल्ल्या पितळेच्या असतात आणि पितळ स्टीलपेक्षा मऊ. खरा दोष खिशाच्या तळाशी साठणाऱ्या धुळीचा. धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. मोहस् मापनश्रेणीवर त्यांचं काठिण्य 7 भरतं, चाकूच्या पोलादाचं साधारण साडेपाच ते साडेसहा, आणि मुठीचा पत्रा तर पात्यापेक्षाही मऊ. किल्ली फक्त तो कण मुठीवर दाबून धरते.

हात लावण्याआधी धातू ओळखायचा. फ्रिजवरचं लोहचुंबक त्याला पुरतं. पातं चिकटलं आणि मूठ चिकटली नाही, तर मूठ बहुधा स्टेनलेस, पितळ किंवा ॲल्युमिनियम. पितळ रंगावरून कळतं, ॲल्युमिनियम वजनावरून. मूठ चुंबकाला घट्ट चिकटली आणि खोल ओरखड्यात वेगळाच रंग दिसला तर तो मुलामा आहे. तिथे सँडपेपर घासाल तेवढा मुलामा उडेल आणि खालचं लोखंड गंजायला मोकळं होईल.

ॲल्युमिनियमची गोष्ट आणखी फसवी आहे. स्विस सैनिकांच्या चाकूला 1961 च्या नमुन्यात ॲल्युमिनियमची खवलेदार मूठ आली. तिच्यावर विजेच्या साहाय्याने वाढवलेला ऑक्साइडचा थर असतो. हा थर अतिशय कठीण, पण जाडीला काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचा. त्याच्या आरपार गेलेला ओरखडा घासून काढायला गेलं तर ओरखड्याच्या जागी मऊ, उघड्या धातूचा मोठा चट्टा मिळतो. तो थर पुन्हा चढवायचा तर आम्लाचं कुंड आणि वीजप्रवाह लागतो. अशा मुठी साबणाने धुवाव्यात आणि तशाच वापराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

पितळेचं उलट. चिंच, लिंबू, पितांबरी यांनी पितळेवरचा काळेपणा जातो, कारण त्यातली आम्लं ऑक्साइड विरघळवतात. ओरखडा मात्र तिथेच राहतो, उलट स्वच्छ होऊन जास्त दिसतो. जपानमधल्या मिकी गावच्या हिगोनोकामी या घडीच्या चाकूंना एकच पत्रा दुमडून केलेली मूठ असते, कधी पोलादी, कधी पितळी. पितळी मूठ हातात राहून तपकिरी होते, आणि त्या रंगात बारीक ओरखडे बुडून जातात. पितळी मूठ असेल तर मी आधी काही महिने वाट पाहीन.

स्टेनलेसला वाट पाहून उपयोग नाही. हार्डवेअरच्या दुकानात काळा वॉटर पेपर मिळतो, सिलिकॉन कार्बाइडचा, पाण्यात भिजवून वापरायचा. नंबर वाढतो तसा दाणा बारीक होतो. युरोपीय प्रमाणात 400 नंबरच्या कागदाचा दाणा सुमारे 35 मायक्रॉन, 1000 चा सुमारे 18 आणि 2000 चा सुमारे 10. सुरुवात कुठून करायची ते नखाला विचारावं. नख ओरखड्यावरून आडवं फिरवताना अडकलं नाही, तर 800 पुरे. अडकलं तर 400. त्याहून भरड कागद हातात घेण्याचा मोह आवरावा, कारण 220 ने पाडलेल्या रेषा घालवायलाच पुढचा सगळा वेळ जातो.

आधी चाकू मिटवून पात्याच्या फटीवर चिकटपट्टी लावायची. बोट वाचतंच, शिवाय कागदाचा चुरा सांध्यात जात नाही. मग कागदाची पट्टी खोडरबरावर गुंडाळायची. नुसत्या बोटाने घासलं की बोटाच्या आकाराचा खळगा पडतो. तो घासताना दिसत नाही, पण शेवटी खिडकी त्यात वाकडी दिसते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला की कागद लवकर चोंदत नाही. पहिल्या दहा-वीस हातांतच मूठ निम्मी सुधारल्यासारखी वाटते. ती सुधारणा स्वस्तातली असते: ओरखड्याच्या दोन्ही कडांना उचलला गेलेला धातू तेवढा उडालेला असतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते कंटाळवाणं आहे.

कंटाळ्यातही एक युक्ती आहे, ती मला फार आवडते. 400 ने मुठीच्या लांबीला उभं घासायचं, 600 ने आडवं, 800 ने पुन्हा उभं. दिशा बदलली की मागच्या कागदाच्या रेषा आडव्या पडून आपोआप उघड्या पडतात. त्या सगळ्या दिसेनाशा झाल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही. मूळ ओरखड्यात काळ्या मार्करची शाई भरून ठेवली तर अजून सोपं. वरची शाई लगेच जाते, खोलातली राहते, आणि शाईची रेघ जिथे तुटते तिथे आपण तळाला पोचलेलो असतो. उजेड ट्यूबचा नको, खिडकीतून तिरपा येणारा हवा.

तळाला मी सगळीकडे पोचलो नाही, आणि तसं ठरवूनच. मुठीच्या एका बाजूला वडिलांचं आडनाव आहे. पूर्वी नवं भांडं घेतलं की दुकानदार तिथल्या तिथे यंत्राने नाव घालून देत, तसं टिंबाटिंबांचं. ते नाव आणि चाकूवरचा सगळ्यात वाईट ओरखडा एकाच पत्र्यावर, बोटभर अंतराने आहेत. कागदाला दोन्ही सारखेच. ओरखड्याच्या तळापर्यंत पत्रा उतरवला असता तर टिंबं पुसट झाली असती. म्हणून त्या बाजूला 800 ने कडा मोडल्या, ओरखड्याची धार बोथट केली आणि थांबलो. आता तो दिसतो, पण हाताला लागत नाही. रिव्हेटच्या डोक्यांनाही असंच सांभाळावं लागतं. ती फार घासली गेली तर पत्रा हलायला लागतो.

भांडी चकचकीत करून देणाऱ्या कारखान्यात बफच्या चाकावर हे काम काही मिनिटांत होतं. चाकू तिथे द्यावा असं मला वाटत नाही. फिरतं चाक कडा गोल करतं, अक्षरं बुजवतं, पत्रा तापवतं आणि एखादी कड अडकली तर चाकू हातातून हिसकावतं.

शेवटचा प्रश्न चकाकीचा. 2000 पर्यंत जाऊन हिरव्या क्रोमियम ऑक्साइडची वडी लावलेल्या कापडाने घासलं तर मुठीत चेहरा दिसतो. खिशात जाणाऱ्या वस्तूला ही हौस परवडत नाही. आरशावरची पहिली रेघ खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. मी 1000 ला थांबलो आणि स्वयंपाकघरातली हिरवी घासणी घेतली. मुठीच्या लांबीला, एकाच दिशेने, न उचलता पूर्ण हात मारायचा. गोल गोल फिरवायची नाही. तारेची घासणी लोखंडी असेल तर तीही टाळायची, कारण तिचे कण स्टेनलेसमध्ये अडकून नंतर तांबूस ठिपके पडतात.

मग चिकटपट्टी सोडवून चाकू उघडायचा, जुन्या टूथब्रशने साबणपाण्यात सांधा घासायचा, पूर्ण वाळवायचा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सांध्यावर सोडायचा. उघडझाप करून बाहेर येणारं काळं तेल पुसायचं, ते स्वच्छ येईपर्यंत. खिसा उलटा करून झटकायचा. तरी नवी रेघ पडतेच. पडली की भांडी घासताना त्याच घासणीने मुठीच्या लांबीला चार हात मारायचे, तेवढ्याने ती बाकीच्या रेषांत मिसळते.