जेफरसनचा शेतकरी आणि सरकारची जमीन

१७९० साली अमेरिकेची पहिली जनगणना झाली, तेव्हा लोकसंख्या सुमारे ३९ लाख भरली. त्यांत वीस माणसांमागे जेमतेम एक शहरात राहत होता. अशा देशाने शेतकऱ्याला आपला कणा मानावे यात नवल नाही. व्हर्जिनियाचा राजकारणी टॉमस जेफरसन मात्र याच्या बराच पुढे गेला. ‘नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया’ या पुस्तकात त्याने शेतीचा संबंध थेट लोकशाहीशी जोडला. ज्याच्या पोटाची सोय स्वतःच्या रानातून होते, त्याला कोणा मालकाची किंवा गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळावी लागत नाही, म्हणून त्याचे मत त्याचे स्वतःचे असते. पोटासाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या माणसावर दबाव आणता येतो, त्याला विकतही घेता येते. प्रजासत्ताक टिकवायचे तर स्वतःची जमीन कसणारे जितके जास्त तितके बरे, असा हा हिशेब होता.

त्या काळी बहुतेक राज्यांत मताचा हक्क मालमत्तेला बांधलेला होता, त्यामुळे जमीन म्हणजे खरोखरच नागरिकत्व होते. १७७६ मध्ये व्हर्जिनियाच्या राज्यघटनेचा मसुदा करताना जेफरसनने भूमिहीनांना ५० एकर देण्याची तरतूद सुचवली. ती मान्य झाली नाही. पण मोठ्या इस्टेटी पिढ्यान्‌पिढ्या अखंड ठेवणारे वारसाकायदे त्याच्या पुढाकाराने व्हर्जिनियातून गेले. आपल्या पायावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला सरकार लागते तरी किती? थोडे सैन्य, थोडे कर आणि शक्यतो कर्ज नाही, एवढ्यात भागावे, असे या पंथाचे म्हणणे होते.

अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनला हे पटत नव्हते. राष्ट्रीय बँक, सरकारी कर्जरोख्यांची पत आणि कारखानदारीला संरक्षण यांवर देश उभा करावा, असे त्याला वाटे. १७९१ मध्ये कर्ज फेडण्यासाठी त्याने देशी मद्यावर कर बसवला आणि पश्चिम पेनसिल्व्हेनियाचे शेतकरी खवळले. डोंगर ओलांडून धान्य पूर्वेच्या बाजारात न्यायचे तर वाहतुकीतच भाव संपे. म्हणून राय गाळून व्हिस्की करायची आणि घोड्यावर लादून पाठवायची, हा त्यांचा रिवाज होता. हातात रोकड नसलेल्या भागात व्हिस्की पैशासारखीही चाले. कर मात्र रोखीने भरायचा होता. १७९४ मध्ये वसुली करणाऱ्यांवर हल्ले झाले, तेव्हा अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनने सुमारे १३ हजारांचे मिलिशिया दल उभे केले. ते येताच बंड विरघळले. पुढे जेफरसन अध्यक्ष झाल्यावर १८०२ मध्ये हा कर रद्द झाला.

एवढे पाहून वाटते, शेतकरी एका बाजूला आणि सरकार दुसऱ्या. प्रत्यक्षात तो स्वतंत्र शेतकरी घडवण्यात सरकारचा हात सर्वांत मोठा होता.

१७८५ च्या जमीन कायद्याने ओहायो नदीपलीकडच्या मुलखाची मोजणी सुरू झाली. मोजणीदारांच्या हातात ६६ फुटी साखळी असे, महाराष्ट्रातल्या गुंठ्याच्या ३३ फुटी साखळीच्या बरोबर दुप्पट. अशा ८० साखळ्यांचा एक मैल. डोंगर, ओढा, दाट झाडी काहीही आडवे आले तरी रेघ सरळ न्यायची आणि झाडांवर खुणा करीत पुढे जायचे. सहा मैल लांब-रुंद चौकोनाची एक टाउनशिप, तिचे ६४० एकरांचे ३६ भाग आणि त्यांतला सोळावा शाळेसाठी राखीव. शेतकरी पोचण्याआधी सरकारने त्याच्या शेताची हद्द आखून ठेवली होती.

सुरुवातीला किमान ६४० एकर घ्यावे लागत, एकराला डॉलर या दराने. साध्या कुटुंबाला हे कुठले परवडणार? फायदा सट्टेबाजांचा झाला. अमेरिकी काँग्रेसने मग ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली आणि १८२० पर्यंत सव्वा डॉलर एकराने ८० एकर, म्हणजे १०० डॉलरांत शेत मिळू लागले.

१८०३ ची लुइझियाना खरेदी तर याहून बोलकी आहे. दीड कोटी डॉलरांत सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल मुलूख मिळाला, देश जवळपास दुप्पट झाला. घटनेत अशा खरेदीची स्पष्ट तरतूद नव्हती. जेफरसनला ते खुपत होते, त्याने घटनादुरुस्तीचे मसुदेही केले आणि नंतर बाजूला ठेवले. पैसे उभे राहिले ते सरकारी रोख्यांवर, युरोपातल्या बँकांमार्फत. हॅमिल्टनने घडवलेली पत जेफरसनच्या शेतकऱ्यांच्या कामी आली.

ही जमीन रिकामी नव्हती. मूळ रहिवाशांनी शिकार सोडून शेती करावी, असा जेफरसनचा उपदेश होता. त्याच वेळी त्यांना सरकारी दुकानांत कर्जबाजारी होऊ द्यावे म्हणजे ते जमीन सोडतील, असेही त्याने १८०३ च्या एका पत्रात लिहिले. त्यांतल्या चेरोकी लोकांनी नांगर धरला, स्वतःची लिपी घडवली, १८२७ मध्ये लेखी घटना केली. तरीही १८३० च्या कायद्याच्या आधारे त्यांना हुसकावण्यात आले. १८३८ मध्ये सैन्याने त्यांना पश्चिमेकडे हाकलले आणि सुमारे चार हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. ज्या गुणांसाठी गोऱ्या शेतकऱ्याची थोरवी गायली जात होती, त्या गुणांनी चेरोकींना वाचवले नाही.

स्वतः जेफरसनच्या माँटिचेलोसारख्या मळ्यांवर राबत होते ते गुलाम. आयुष्यभरात त्याच्या मालकीची ६०० हून अधिक माणसे होती. स्वावलंबी शेतकऱ्याच्या या चित्राला यापेक्षा मोठा कलंक नाही. १७८७ च्या कायद्याने ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरी बंद केली, पण दक्षिणेत कापसाबरोबर ती फोफावत गेली.

उत्तर-दक्षिणेतली हीच फूट पुढे शेतकऱ्यांना सरकारी जमीन फुकट देण्याच्या मागणीआड आली. लहान शेतकऱ्यांनी पश्चिम भरली तर तिथे गुलामगिरीला जागा उरणार नाही, हे दक्षिणेतले मळेवाले ओळखून होते. १८६० मध्ये नाममात्र दरात जमीन देणारे विधेयक मंजूर झाले, तेव्हा अध्यक्ष ब्यूकॅनन याने ते नाकारले. यादवी युद्धात दक्षिणेचे प्रतिनिधी निघून गेल्यावर वाट मोकळी झाली. १८६२ च्या मे महिन्यात अध्यक्ष लिंकनने शेतीखाते स्थापन करणाऱ्या कायद्यावर आणि पाठोपाठ होमस्टेड कायद्यावर सही केली, जुलैमध्ये शेतकी महाविद्यालयांसाठी सरकारी जमीन देणाऱ्या कायद्यावर. होमस्टेडनुसार नाममात्र शुल्क भरून, घर बांधून, पाच वर्षे राहून आणि जमीन कसून १६० एकर मालकीचे होत. पश्चिमेच्या कोरड्या माळांवर एवढ्यात कुटुंब जगत नसे आणि अनेकांनी अर्ध्यावर गाशा गुंडाळला. तरी या कायद्याखाली अखेरीस सुमारे १६ लाख अर्जदारांच्या नावे २७ कोटी एकर जमीन झाली.