सातासमुद्रापारचे वर्गमित्र

विशेष प्रतिनिधी

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० या वर्षाचा उल्लेख आहे. त्यानंतर ३३ वर्षांनी, १०९३मध्ये, इंग्लंडमधील डरहॅम येथील प्रसिद्ध कॅथीड्रलच्या बांधकामास प्रारंभ झाला. एकाच शतकात, एकमेकांचा मागमूसही नसलेल्या दोन प्रदेशांत कारागीर दगड घडवत होते. अंबरनाथमधील सातवीच्या वर्गाने आपल्या मंदिराची आणि डरहॅममधील एखाद्या वर्गाने आपल्या कॅथीड्रलची रेखाटने, छायाचित्रे व माहिती परस्परांना पाठविली, त्यावर प्रश्न विचारले आणि शेवटी दोघांनी मिळून एक पुस्तिका तयार केली, तर इतिहासाचा असा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

परदेशातील समवयस्कांशी आंतरजालाद्वारे जोडले जाऊन एकत्रित प्रकल्प करण्याची ही पद्धत जगाला नवीन नाही. महागड्या आंतरराष्ट्रीय शाळांची ती मक्तेदारी आहे, असा मात्र आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील मराठी, हिंदी वा सिंधी माध्यमाच्या साध्या शाळांना हे जमू शकेल काय?

पत्रमैत्रीपासून प्रकल्पापर्यंत

एके काळी परदेशी पत्रमित्र असणे ही अप्रूपाची गोष्ट होती. पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत महिना उलटत असे. संगणकाने हे अंतर मिटविले. १९८८मध्ये, शीतयुद्ध संपलेले नसताना, न्यूयॉर्क राज्यातील आणि मॉस्कोतील शाळा संगणकाद्वारे जोडण्यात आल्या. त्यातूनच 'आयअर्न' हे शाळांचे आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले. अमेरिकेच्या पुढाकाराने १९९५मध्ये सुरू झालेल्या 'ग्लोब' या पर्यावरणविषयक कार्यक्रमात भारत २०००मध्ये सहभागी झाला. त्यात देशोदेशींचे विद्यार्थी पाऊस, तापमान, पाणी आणि माती यांच्या नोंदी समान पद्धतीने घेतात व एकाच ठिकाणी जमा करतात. युरोपीय संघाने २००५मध्ये 'ई-ट्विनिंग' सुरू करून आपल्या सदस्य देशांतील शाळांच्या जोड्या लावून दिल्या.

या सर्व उपक्रमांतील समान धागा लक्षात घेण्याजोगा आहे. पडद्यावर एकमेकांना पाहून हात हलविण्यात पहिल्या दिवशी मौज वाटते. दुसऱ्या दिवशी बोलायला विषय उरत नाही. दोन्ही वर्गांच्या हाती समान काम असेल तरच संवाद टिकतो. तुमच्याकडे किती मिलिमीटर पाऊस पडला, हा प्रश्न दर आठवड्याला नव्याने विचारता येतो आणि त्याचे उत्तर दर वेळी वेगळे येते.

परितेवाडीचा धडा

साधनांची सबब पुढे करणाऱ्यांना सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे उदाहरण पुरेसे ठरावे. तेथील जिल्हा परिषद शाळेत २००९मध्ये रुजू झालेले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी १० लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य ९ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचा 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स' हा उपक्रम अधिक महत्त्वाचा आहे.

भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन, इराण-इराक अशा वैर असलेल्या देशांतील मुलांच्या जोड्या लावून त्यांना ६ आठवडे एकत्र काम करायला लावायचे, हे त्याचे स्वरूप. प्रत्येकाला समोरच्या देशातील एक 'शांतिमित्र' मिळतो. दोघे मिळून सादरीकरण तयार करतात, पाहुण्या वक्त्यांना ऐकतात आणि आपल्यातील साम्ये शोधतात. पुरस्काराच्या वेळी दिलेल्या माहितीनुसार ८ देशांतील १९ हजार विद्यार्थी यात सहभागी झाले होते. खेड्यातील सरकारी शाळेच्या शिक्षकाला जे साधले, ते मुंबईपासून लोकलने दीड तासाच्या आत असलेल्या शहरांत अशक्य का मानावे?

विषय दाराशीच

या तिन्ही शहरांना प्रकल्पासाठी विषय शोधत फिरण्याची गरज नाही. उल्हासनगरचा जन्मच फाळणीतून झाला. कल्याणजवळील लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या सुमारे १ लाख निर्वासितांना आसरा देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. ती स्थलांतरे डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता मोजकीच उरली आहे. आजी-आजोबांच्या आठवणी नातवंडांनी टिपून घ्यायच्या आणि ज्यांच्या घरांत स्थलांतराची अशीच कहाणी आहे, अशा दुसऱ्या देशातील मुलांच्या नोंदींशी त्या ताडून पाहायच्या, हा प्रकल्प आणखी १० वर्षांनी करता येणार नाही.

अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी हा दुसरा विषय. औद्योगिक सांडपाण्याने या नदीचे काय झाले, हे येथील मुले रोज पाहतात. लंडनमधील थेम्स नदी १९५७मध्ये जैविकदृष्ट्या मृत मानली गेली होती. पुढे सांडपाण्यावर प्रक्रिया होऊ लागली आणि तिच्यात मासे परतले. वालधुनीकाठच्या मुलाने हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि थेम्सकाठच्या मुलाने आजच्या पाण्याच्या नोंदी पाठवून दाखविणे वेगळे. नदी सुधारू शकते, यावर विश्वास बसण्यासाठी असा पुरावा लागतो. अर्थात, वालधुनीच्या पाण्यात मुलांनी उतरता कामा नये. नमुना मोठ्यांनी, हातमोजे घालूनच घ्यावा.

बदलापूरच्या वाट्याला उल्हास नदी आणि धो धो पाऊस आला आहे. २६ जुलै २००५चा प्रलय आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस येथील नागरिक विसरलेले नाहीत. शाळेच्या गच्चीवर साधे पर्जन्यमापक ठेवून रोजची नोंद घेणे आणि पूर सोसणाऱ्या अन्य देशातील शाळेच्या नोंदींशी ती पडताळणे, याला फारसा खर्च नाही.

घड्याळ आणि दिनदर्शिका

असे उपक्रम बहुतेक वेळा यंत्रापेक्षा वेळापत्रकामुळे बारगळतात. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. येथे सकाळचे ८ वाजतात तेव्हा तेथे साडेअकरा झालेले असतात. म्हणजे सकाळच्या सत्रातील वर्गांना जपान सोयीचे. ब्रिटन उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. दुपारचे अडीच म्हणजे तेथे सकाळचे १० किंवा ९. म्हणजे दुपारच्या सत्राला ब्रिटन सोयीचे. न्यूयॉर्क मात्र साडेनऊ ते साडेदहा तास मागे असल्याने शाळेच्या वेळेत थेट संवाद जवळजवळ अशक्य. तेथे लेखी मजकूर, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रित निरोप यांवरच भिस्त ठेवावी लागते.

शैक्षणिक वर्षाचेही तसेच. आपली शाळा जूनमध्ये भरते, ब्रिटनची सप्टेंबरमध्ये, तर जपानची एप्रिलमध्ये. जुलैअखेर ते ऑगस्ट ब्रिटनमध्ये सुटी असते आणि नंतर आपली दिवाळी येते. त्यामुळे ब्रिटिश शाळेबरोबर सप्टेंबरमध्यापासून दिवाळीपर्यंतचा किंवा जानेवारी-फेब्रुवारीचा काळ ६ आठवड्यांच्या प्रकल्पास योग्य ठरतो.

भाषेची भीती

'आमच्या मुलांना इंग्रजी बोलता येत नाही,' ही सर्वांत मोठी अडचण सांगितली जाते. लेखी देवाणघेवाणीत विचार करून, शब्दकोश पाहून, शिक्षकांना विचारून लिहिण्यास अवधी मिळतो. शिवाय आकडे, नकाशे आणि चित्रे यांना भाषेचे कुंपण नसते. मराठी शाळांसाठी आणखी एक वाट आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत तेथील मुले मराठी शिकतात. त्यांच्याशी जोडणी झाली, तर बदलापूरचा विद्यार्थी मराठीचा शिक्षक होईल आणि समोरचा इंग्रजीचा. एकाने सतत देत आणि दुसऱ्याने सतत घेत राहायचे, असे नाते टिकत नाही. साने गुरुजींच्या आंतरभारतीच्या स्वप्नातही प्रांताप्रांतांतील ही बरोबरी अभिप्रेत होती.

सुरक्षिततेला पर्याय नाही

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापुरात उसळलेल्या जनक्षोभानंतर शाळेतील मुलांच्या सुरक्षिततेबाबत या परिसरातील पालक किती संवेदनशील आहेत, हे वेगळे सांगायला नको. ऑनलाइन उपक्रमासही तोच निकष लागू हवा. संवाद वर्गाने वर्गाशी आणि शिक्षकांच्या उपस्थितीतच व्हावा. मुलाचे पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक देऊ नये. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे.

सुरुवात अशी करता येईल

- प्रथम समोरच्या शाळेतील एका जबाबदार शिक्षकाशी ओळख करून घ्यावी. मुलांचा संवाद त्यानंतर.
- एकच विषय, एकच वर्ग आणि ६ आठवडे एवढीच मर्यादा ठेवावी.
- पालकांची लेखी संमती आधी घ्यावी.
- वर्गाला एक संगणक, एक पडदा व आंतरजालाची जोडणी पुरे. प्रत्येक मुलाकडे मोबाइल असण्याची अट घालू नये.
- प्रकल्प एखाद्या सॉफ्टवेअरवर अवलंबून ठेवू नये. जगभरातील वर्ग ज्यावर भेटत, ते 'स्काइप' मे २०२५मध्ये बंद झाले.
- शेवटी पुस्तिका, नकाशा वा भित्तिपत्रक तयार व्हावे आणि ते पालकांसमोर मांडले जावे.

शाळांना इमारत, बाके आणि शिक्षक यांची निकड आधी आहे, हा आक्षेप रास्त आहे. हा उपक्रम त्या मागण्यांची जागा घेऊ शकत नाही. परंतु आपल्या नदीच्या, आपल्या आजोबांच्या कहाणीत दूरदेशीचे कोणी रस घेत आहे, हे कळल्यावर मुलेही त्यांकडे नव्या नजरेने पाहू लागतील. त्यासाठी लागणारा पैसा थोडा आहे. दर आठवड्याला ठरल्या वेळी वर्ग उघडून बसणारा शिक्षक मात्र हवा.