चाळिशीत स्टोअरमधून सॅपकडे

चाकण किंवा वाळूजच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचे स्टोअर डोळ्यांसमोर आणा. ऑर्डर 500 बेअरिंगची. ट्रक आला, चलनावर 500 लिहिलेले. मोजली तर 488 भरली. क्वालिटीवाल्यांनी त्यातली 8 नापास केली. दोन दिवसांनी पुरवठादाराचे बिल आले, ते मात्र पूर्ण 500 चे. आता पैसे किती नगांचे द्यायचे, नापास माल परत पाठवताना कोणता कागद लावायचा, जीएसटीचे क्रेडिट कितीवर धरायचे, हे स्टोअरमध्ये पंधरा वर्षे काढलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारले तरी तो सांगेल. पण सॉफ्टवेअर कंपनीतल्या नोकरीचा विषय निघाला की हाच माणूस हात जोडतो. ते इंजिनिअर पोरांचे काम, आपले आता वय झाले, म्हणतो.

गंमत अशी की, मोठे कारखाने ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, ते याच प्रश्नांच्या उत्तरांसाठी जन्माला आले. आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी 1972 मध्ये जर्मनीत सॅप ही कंपनी काढली. त्यांचा पहिला ग्राहक होता आयसीआय कंपनीचा तिथला नायलॉनचा कारखाना, आणि काम होते पगार व हिशेबाचे. आजही सॅपच्या पोटात तेच आहे. माल आत आला की 101 क्रमांकाची नोंद, पुरवठादाराला परत गेला की 122, उत्पादनाच्या ऑर्डरसाठी उचलला की 261. ऑर्डर, प्रत्यक्ष आलेला माल आणि बिल या तिन्हींचा मेळ बसला नाही, तर ते बिल पैसे देण्यासाठी अडकून पडते. वरच्या उदाहरणातले 20 नगांचे पैसे असेच थांबतात.

मेळ किती टक्क्यांपर्यंत चुकलेला चालेल, हे मात्र संगणक ठरवत नाही. ते कंपनीला विचारून घ्यावे लागते, कागदावर उतरवावे लागते, मग सॉफ्टवेअरमध्ये तशी मांडणी करावी लागते आणि खरोखरीच्या नोंदी टाकून तपासावी लागते. हे काम करणाऱ्याला फंक्शनल कन्सल्टंट म्हणतात. प्रोग्राम लिहिणारा वेगळा असतो. कन्सल्टंटने त्याला काय हवे ते नेमके लिहून द्यायचे असते, आणि नेमके लिहिणे हे वाटते तितके सोपे नाही. खरेदी, हिशेब, पगार, उत्पादन, विक्री यांपैकी एका खात्याची खोल जाण हे त्याचे खरे भांडवल.

शब्दांचे दडपण उगाच घेतले जाते. जमा, बाकी, वसूल, रक्कम, हिशेब हे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठी दप्तरात आले आणि इथलेच झाले. तसेच हे. ‘गुड्स रिसीट’ म्हणजे आवक, ‘जनरल लेजर’ म्हणजे खतावणी. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला, तेव्हा जुन्या करांच्या शिल्लक नोंदी नव्या पद्धतीत आणताना ज्या अकाउंटंटनी रात्री जागवल्या, त्यांनी तेव्हाच ‘डेटा मायग्रेशन’ केले होते. फक्त त्याला तसे म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

वाट कुठून सुरू करायची, यात मात्र बहुतेक जण फसतात. कर्ज काढून क्लास लावायचा, दोन-तीन महिन्यांत स्क्रीनची नावे पाठ करायची, आणि नोकरी मिळेना म्हणून कोणीतरी देऊ केलेले तीन वर्षांच्या अनुभवाचे खोटे पत्र घ्यायचे. हे पत्र विकणारे सापडतात, यात नवल नाही. नवल हे, की आयुष्यभर एक पैशाचा हिशेब न चुकवलेली माणसेही इथे मोहात पडतात. कंपन्या पीएफच्या खात्यावरून जुन्या नोकऱ्या पडताळतात. त्यात पकडले गेल्यावर नवी नोकरी जाते आणि जुन्या कारखान्यात परत जायला तोंड उरत नाही.

सगळ्यात भरवशाची वाट स्वतःच्या कारखान्यातून जाते. जुन्या ईसीसी आवृत्तीची मुख्य देखभाल 2027 अखेर संपणार असल्याचे सॅपने जाहीर केले आहे, म्हणून अनेक कंपन्या 2015 मध्ये आलेल्या एस/4हाना या आवृत्तीकडे वळत आहेत. अशा वेळी प्रत्येक खात्यातून एक ‘की यूजर’ निवडतात. रोजचे काम सांभाळून हे जास्तीचे, तेही बिनपैशाचे, म्हणून लोक अंग चोरतात. वास्तविक हीच खरी शिकवणी. बाहेरून आलेल्या कन्सल्टंटशेजारी बसून सहा महिने चाचण्या करता येतात आणि तो अनुभव खरा असतो. कारखाना लहान असेल, तर मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर उतरवून सराव करता येतो. विक्री खात्यातल्यांसाठी सेल्सफोर्स कंपनीचे ट्रेलहेड हे शिकण्याचे ठिकाण 2014 पासून विनामूल्य उपलब्ध आहे.

किंमत मोजावी लागते, हेही घरात आधी बोलून घ्यावे. सुरुवातीचा पगार आताच्यापेक्षा कमी असू शकतो. मुलाची बारावी, आईचे औषधपाणी यांच्यात तो खड्डा कसा भरणार, हे पत्नीशी बसून कागदावर मांडायला हवे. साहेब एकोणतिशीचा असेल. अमेरिकेतल्या ग्राहकाची सकाळ म्हणजे आपली रात्र, तेव्हा जेवणाच्या ताटावरून उठून फोन घ्यावा लागेल. इंग्रजी फर्डे नसले तरी चालते, पण चार ओळींची मेल स्पष्ट लिहिता आली पाहिजे.

आणि मुलाखत? तिथे 500 बेअरिंगचाच प्रश्न येऊ शकतो. क्लासमधून आलेला उमेदवार लगेच स्क्रीनचे नाव सांगतो, कुठले बटण दाबायचे तेही सांगतो. स्टोअरमधला माणूस आधी उलट विचारतो, ‘‘माल कमी आला तेव्हा चलनावर तसा शेरा मारून ड्रायव्हरची सही घेतली होती का?’’