कचेरीचे भाडे कोणी द्यायचे?

मोती तलावाच्या काठाने फिरणाऱ्या पाहुण्यांना सावंतवाडीचा राजवाडा दिसतो, चितारआळीतली लाकडी खेळणी दिसतात. आमच्या संस्थेची कचेरी मात्र कोणालाच दिसत नाही. दिसण्याजोगी ती नाहीही. बाजारातल्या एका जुन्या घराच्या माडीवर एक खोली, दोन टेबले, कागदांनी फुगलेले एक कपाट आणि पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल, एवढाच आमचा संसार. आम्ही शाळा चालवीत नाही, दवाखानाही नाही. डोंगर, जंगल आणि पाणी यांच्या बाजूने अर्ज करायचे, माहितीच्या अधिकारात कागद मागवायचे आणि सरकारदरबारी पुन्हा पुन्हा खेटे घालायचे, हा आमचा उद्योग. मी या संस्थेचा चिटणीस.

दिवाळीच्या तोंडावर वर्गणीला निघालो, तेव्हा एका वयस्क दुकानदारांनी मला बसवून घेतले, चहा पाजला आणि विचारले, "मास्तरांनू, झाडां लावूक पैशे देतंय. पण तुमच्या खोलयेच्या भाड्याक मियां कित्याक देवचे?"

खरे सांगायचे तर मला राग आला नाही. शाळेला देणगी दिली की भिंतीवर नावाची फरशी लागते. विजेच्या बिलावर कोणाचे नाव कोरणार?

पण आमच्या कामात कचेरी हेच काम असते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या जंगलाचेच पाहा. मुंबईच्या 'आवाज फाउंडेशन' आणि 'वनशक्ती' या संस्था त्यासाठी उच्च न्यायालयात गेल्या. २०१३ मध्ये न्यायालयाने या पट्ट्यातल्या वृक्षतोडीला मनाई केली, आणि इथली २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याबाबतचा निकाल आला तो मार्च २०२४ मध्ये! एवढी वर्षे कागद जपायचे, नकला काढायच्या, तारखा सांभाळायच्या. वर्तमानपत्रात निकाल छापून येतो. त्यामागची फाइल कोणी छापीत नाही. (ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सिंधुदुर्ग त्याच्याकडे आला. आमच्यासारख्यांना मुंबईच्या गाडीभाड्याऐवजी आंबोली घाटाची एस.टी. पुरते, हेही नसे थोडके.)

कायद्यालाही कचेरीचे फारसे कौतुक नाही. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला पूर्वी त्यातली निम्मी रक्कम प्रशासनावर खर्चता येई. २०२० च्या दुरुस्तीने ती मर्यादा २० टक्क्यांवर आली. आम्हांला परदेशातून दमडी येत नाही, तो भाग वेगळा. पण धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यायचे, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज करायचा, हिशेबतपासनीसाची फी भरायची, हे कोणाला चुकत नाही. आणि २,००० रुपयांहून मोठी देणगी रोखीने दिली तर देणाऱ्याला आयकराची सवलत नाही, हे वर्गणी मागताना समजावून सांगावे लागते ते निराळेच.

दोन वर्षांपूर्वी आमची खरी परीक्षा झाली. एका खनिज वाहतूकदाराने सबंध वर्षाचे भाडे देऊ केले. अट कसलीही नाही, असे तो हसून म्हणाला. त्याच वेळी आमच्या कारकून बाईंचा तीन महिन्यांचा पगार थकलेला होता. रात्री अकरापर्यंत बैठक चालली. खजिनदार म्हणाले, "तत्त्वांवर चूल पेटत नाही हो!" ते चूक म्हणत नव्हते. तरीही आम्ही पैसे नाकारले. पुढच्या महिन्यात बाईंनी गोव्यात नोकरी धरली. जाताना त्यांनी कपाटातल्या सगळ्या फायलींची यादी स्वच्छ अक्षरात करून ठेवली. ती यादी पाहिली की मला अजून खजिनदारांचे शब्द आठवतात. तो निर्णय योग्य होता असे मी मानतो, पण त्याची किंमत मी भरली नाही, बाईंनी भरली.

पैसे कोणाचे घ्यावेत हा विचार करताना मला पुण्याच्या सार्वजनिक सभेने वाट दाखविली. २ एप्रिल १८७० रोजी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने ती स्थापन झाली. तिचे सभासद होण्यासाठी निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सुरुवातीचे ९५ सभासद सुमारे ६,००० लोकांच्या वतीने आले होते. सरकारने "तुम्ही कोण?" असे विचारले तर दाखवायला सह्या होत्या!

मला वाटले, आमचे पावतीपुस्तक हेच आमचे मुखत्यारपत्र का होऊ नये? एका धनिकाच्या पन्नास हजारांपेक्षा घरटी पन्नास रुपये बरे. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून कुटुंबांचे संघ करून महिन्याच्या किराण्याभोवती ग्राहकांची चळवळ बांधली. माणसे दर महिन्याला भेटत राहिली. आमच्याकडे द्यायला डाळ-तांदूळ नाहीत. म्हणून आम्ही दर महिन्याला एक पानी पत्रक देतो: कोणता अर्ज केला, काय उत्तर आले आणि कचेरीवर किती खर्च झाला. विजेचे बिलसुद्धा त्यात असते.

सध्या ६३ घरे आहेत. भाडे निघते, वीज निघते. पूर्ण वेळचा पगार अजून निघत नाही. त्या दुकानदारांनी पहिले पत्रक चष्मा लावून वाचले, खर्चाच्या बेरजेवर दोनदा बोट फिरवले आणि गल्ला उघडला.

"पावतेर काय लिवू?" मी विचारले.

"खोलयेच्या भाड्याक म्हणान लिवा," ते म्हणाले, "आणि ती भिंत रंगवन घ्या आधी."