फोटो छापून आला, पुढे काय? सुधारक ओलवे यांच्या कॅमेऱ्याची गोष्ट

आज बोलूया प्रेस फोटोग्राफरच्या करिअरबद्दल.

बाहेरून बघताना हे काम सोपं वाटतं. मोर्चा, अपघात, मंत्र्यांचा दौरा, कुठंही धावत जायचं, फोटो काढायचा आणि पेपर छपाईला जायच्या आत ऑफिसला द्यायचा. सकाळी तो छापून येतो आणि संध्याकाळी त्याच पेपरात कुणीतरी भजी बांधून देतं! बातमीच्या फोटोचं आयुष्य असं एका दिवसाचं असतं.

सुधारक ओलवे याच धंद्यातले. मूळचे अकोल्याचे. १९८८ पासून मुंबईत प्रेस फोटोग्राफर, 'टाइम्स ऑफ इंडिया'सारख्या दैनिकात काम. पण रोजची ड्युटी करता करता त्यांनी एक विषय सोडला नाही, तो म्हणजे मुंबई महापालिकेचे सफाई कामगार.

आता बघा, सफाई कामगार पेपरात कधी दिसतो? बहुतेक वेळा गटारात गुदमरून मेला की. ओलवेंनी त्याचं जगणं टिपलं, तेही ब्लॅक अँड व्हाइटमध्ये. मॅनहोलमध्ये उतरलेला उघडा माणूस, हातमोज्यांशिवाय उचललेला कचरा, आणि काम संपल्यावरचं त्याचं घर, त्याची माणसं. असे फोटो एका दिवसाच्या ड्युटीत मिळत नाहीत. त्यासाठी पुन्हा पुन्हा जावं लागतं, समोरच्याचा विश्वास मिळवावा लागतो. एक फोटो बघून आपण हळहळतो आणि पुढे जातो. अनेक फोटो एकत्र बघितले की कळतं, हा अपघात नाही, ही पद्धतच आहे. आणि या कामात बहुतेक दलित समाजातलीच माणसं का, हा प्रश्न टाळता येत नाही.

याच कामासाठी २००५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या 'ऑल रोड्स' कार्यक्रमात त्यांचा गौरव झाला. पुढे फोटोंचं पुस्तक आलं आणि २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली.

मग परिस्थिती बदलली का? सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी गुदमरून मेल्याच्या बातम्या येतातच. फोटो कायदा राबवत नाही, तेवढी ताकद त्याच्यात नाही. पण "आम्हाला माहीतच नव्हतं" असं म्हणायची सोय मात्र तो ठेवत नाही.

आपल्या सोलापुरातही पहाटे रस्ते झाडणारे हात आहेत, आणि आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. फोटो काढावासा वाटला तर आधी त्या माणसाचं नाव विचारा, परवानगी घ्या, काढलेला फोटो त्याला दाखवा. आणि जमलं तर आठवड्यानं परत जा. एकदाच काढलेला फोटो आणि एखाद्याची गोष्ट, यातला फरक तिथंच कळतो.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, बघत राहा!